रियाजाची वही : दोष घडणे आणि तो कळणे यांतील अंतर

संगीताच्या विद्यार्थ्याची प्रगती मोजणे हे वरवर वाटते तितके सोपे काम नाही. गणिताचे उदाहरण सुटले की नाही हे उत्तर ताडून पाहता येते, धावणाऱ्याचा वेग घड्याळ सांगते. परंतु षड्ज नेमका लागला की नाही हे सांगणारे साधन म्हणजे कान, आणि तो कानच अजून तयार व्हायचा असतो, ही संगीतशिक्षणातील मूळ अडचण आहे. रियाज, म्हणजे गुरूकडून मिळालेली तालीम घरी घोटून अंगवळणी पाडण्याची मेहनत, विद्यार्थी बहुतेक वेळ एकट्याने करतो. त्या एकांतात चूक दाखवणारे कोणी नसते, आणि न कळलेली चूक रोज तासभर घोटली गेली, तर ती मेहनतीमुळेच पक्की होते.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत शास्त्रीय गायन, तबला, पखवाज किंवा संवादिनी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ही अडचण विशेष जाणवते, कारण गावाकडून शहरात येऊन आठवड्यातून एकदोन दिवसच तालीम मिळणारे विद्यार्थी येथे पुष्कळ आहेत आणि उरलेल्या दिवसांचा रियाज त्यांना स्वतःच्या भरवशावर करावा लागतो. अशा विद्यार्थ्याने उद्दिष्टे कशी ठरवावीत आणि आपल्या रियाजाचे परीक्षण कसे करावे, याचा विचार पुढे केला आहे. या विवेचनाचे मुख्य सूत्र असे की, प्रगतीचे सर्वांत भरवशाचे माप म्हणजे दोष घडणे आणि तो विद्यार्थ्याला स्वतःला कळणे यांत जाणारा काळ होय. आरंभी हे अंतर आठवडाभराचे असते, कारण गुरूंनी तालमीत दाखवल्याखेरीज दोष समजतच नाही. पुढे ध्वनिमुद्रण ऐकून तो दुसऱ्या दिवशी समजतो. त्यानंतर ज्या आवर्तनात घडला त्याच आवर्तनात कळतो. आणि शेवटी तो घडण्याआधीच गळ्याला किंवा हाताला त्याची चाहूल लागते. वही, ध्वनिमुद्रण, आरसा आणि गुरू ही सारी हे अंतर कमी करण्याची साधने आहेत.

तासांचा हिशेब अपुरा का पडतो

रियाजाची चौकशी करताना ‘रोज किती तास?’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, आणि विद्यार्थीही आपली वही भरतो ती बहुधा तासांनीच. तासांना महत्त्व नाही असे मुळीच नाही. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बर्लिनमधील संगीत अकादमीच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचे जे अध्ययन प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडून आठवडाभराच्या दिनक्रमाच्या नोंदी लिहून घेतल्या होत्या, आणि अधिक प्रगत विद्यार्थी एकट्याने केलेल्या सरावाला इतरांपेक्षा बराच अधिक वेळ देतात, असे त्यांतून दिसून आले. तथापि या अध्ययनाची जी ख्याती पुढे ‘दहा हजार तास’ अशा शब्दांत पसरली, तिच्यात त्याचा अर्धाच भाग उरला. कारण तेथे सराव या शब्दाचा अर्थ विशिष्ट उणीव हेरून, ती दूर करण्यासाठीच योजलेला आणि पूर्ण लक्ष देऊन केलेला सराव असा होता. असा सराव थकवणारा असल्याने तो तासा-दीड तासाच्या बैठकींत, मध्ये विश्रांती घेऊन केला जातो.

आपल्याकडील अनुभवी गुरू हेच निराळ्या शब्दांत सांगत आले आहेत. एकच पलटा, म्हणजे ठरावीक क्रमाने रचलेला स्वरसमूह, मन दुसरीकडे असताना शंभरदा म्हटला तर गळा फिरतो, पण सूर सुधारत नाही. म्हणून वहीत ‘दोन तास रियाज’ एवढीच नोंद असेल, तर ती हजेरी ठरते. त्या दोन तासांत काय बदलले हे तिच्यातून कळत नाही. वेळेची नोंद ठेवावी, परंतु समासात ठेवावी. पानाचा मुख्य भाग ऐकलेल्या गोष्टींसाठी राखावा.

देवगिरीचा हिशेबनीस आणि पंचवीस दोष

ऐकलेले लिहायचे तर त्यासाठी शब्द हवेत, आणि बहुतेक विद्यार्थ्यांची वही येथेच अडते. ‘आज चांगले झाले’ किंवा ‘आज जमले नाही’ यापलीकडे त्यांच्याजवळ भाषा नसते. ही भाषा शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ‘संगीतरत्नाकर’ हा भारतीय संगीतशास्त्रातील पायाभूत ग्रंथ तेराव्या शतकात मराठवाड्यातच, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने सिद्ध झाला. त्याचा कर्ता शार्ङ्गदेव याचे घराणे मूळचे काश्मीरचे होते आणि तो स्वतः सिंघण यादवाच्या पदरी श्रीकरण, म्हणजे राज्याचे दप्तर आणि हिशेब सांभाळणाऱ्या खात्याचा प्रमुख होता. हेमाडपंत या नावाने महाराष्ट्राला परिचित असलेल्या हेमाद्रीकडे पुढे हेच पद आले. हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा नेमकेपणा या ग्रंथाच्या मांडणीतही जाणवतो. त्याच्या सात अध्यायांपैकी प्रकीर्णक या तिसऱ्या अध्यायात गायकाचे गुण आणि दोष नावानिशी मोजून दिले आहेत, आणि त्यांतील दोषांची संख्या पंचवीस आहे.

संगीत परीक्षांच्या शास्त्राच्या पेपरात ‘गायकांचे गुणदोष’ हा विषय येतो, त्यामुळे ही नावे अनेक विद्यार्थ्यांना पाठही असतात. परंतु ती दहा गुणांच्या उत्तरासाठी पाठ केलेली असल्याने रियाजाच्या खोलीत त्यांची आठवण क्वचितच होते. वास्तविक ही यादी आत्मपरीक्षणासाठी अत्यंत सोयीची आहे. विद्यार्थ्याने तिची विभागणी दोष कोणत्या साधनाने सापडतो या तत्त्वावर केली, तर तिचा उपयोग लगेच ध्यानात येतो.

पहिला गट देहाच्या दोषांचा आहे. दात आवळून गाणारा तो संदष्ट, तोंड अक्राळविक्राळ पसरून गाणारा तो कराली, गाताना कपाळाच्या आणि मानेच्या शिरा फुगवणारा तो झोंबक, गाल फुगवणारा तो तुंबकी, मान वाकडी करणारा तो वक्री आणि डोळे मिटून गाणारा तो निमीलक. हे दोष ऐकू येण्याआधी दिसतात, म्हणून त्यांच्यासाठी साधा आरसा पुरतो. दुसरा गट आवाजाचा आहे : थरथरत्या स्वराचा कंपित, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा काकी, नाकातून गाणारा सानुनासिक आणि ज्याची अक्षरे स्पष्ट उमटत नाहीत तो अव्यक्त. हे दोष ध्वनिमुद्रणात सापडतात. तिसरा गट स्वर आणि राग यांचा आहे : स्वर किंचित चढा किंवा उतरता लावणारा तो विकल, ज्याला आजच्या बोलीत कणसूर म्हणतात, रागात वर्ज्य असलेला स्वर घेणारा तो अपस्वर, एका रागात दुसऱ्याची छाया आणणारा तो मिश्रक, आणि मंद्र, मध्य व तार या तिन्ही सप्तकांत नीट न पोहोचणारा तो स्थानभ्रष्ट. येथे तानपुरा आणि गुरूचा कान यांवाचून भागत नाही. चौथ्या गटात एकच दोष आहे, पण तो एका गटाइतका मोठा आहे, तो म्हणजे विताल, अर्थात तालातून सुटणारा. तो ठेका किंवा लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवत पुन्हापुन्हा वाजणारी धून, लावल्याशिवाय उघडा पडत नाही. पाचवा गट मनाचा आहे : भ्यालेला तो भीत, घाईने गाणारा तो शंकित आणि अवधान नसलेला तो अनवधान. हे दोष मात्र कोणत्याही यंत्राला सापडत नाहीत. ते विद्यार्थ्याने स्वतःच ओळखून लिहायचे असतात.

वादकांनाही ही नावे थोड्या फरकाने उपयोगी पडतात. कायद्याची, म्हणजे पलट्यांनी विस्तार करायच्या तबल्याच्या बोलरचनेची, लय वाढताच ‘तिट’मधील ‘ट’ पुसट होत असेल, तर तो अव्यक्त दोषच आहे. चक्रदार वाजवताना शेवटच्या तिहाईत हात पुढे धावत असेल, तर तो शंकित होय. आणि खांदे उचलून, जबडा आवळून वाजवणाऱ्या तबलजीला संदष्ट म्हणण्यास काहीच हरकत नाही.

उद्दिष्टांची उतरंड

उद्दिष्ट ठरवताना विद्यार्थी आणि पालक यांच्या मनात सर्वांत आधी परीक्षा येते, आणि ते स्वाभाविक आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षणाला वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची शिस्त लावली, आणि १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना करून ती परंपरा पुढे चालवली. या मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि त्यापुढे विशारद व अलंकार या पायऱ्या मराठवाड्यातील बहुतेक संगीत विद्यालयांत अभ्यासाचा कणा बनल्या आहेत, आणि वर्षातून एप्रिल-मे व नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत परीक्षा होत असल्याने वर्षाची आखणीही त्यांच्याभोवतीच होते. शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळण्याची तरतूद राज्यात झाल्यापासून या पायऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी आणखी व्यवहारी झाली आहे.

परीक्षा हा मुक्काम आहे. वाट कोणती हे त्यातून कळत नाही. ‘डिसेंबरमध्ये मध्यमा प्रथम द्यायची’ हे वाक्य विद्यार्थ्याला मंगळवारी पहाटे काय करायचे हे सांगू शकत नाही, म्हणून उद्दिष्टाच्या चार पायऱ्या कराव्यात. वर्षाचे उद्दिष्ट परीक्षेच्या किंवा सादरीकरणाच्या भाषेत लिहावे. महिन्याचे उद्दिष्ट रागाच्या किंवा रचनेच्या भाषेत असावे, जसे भीमपलासाचा छोटा ख्याल आलाप-तानांसह दहा मिनिटे मांडता येणे, किंवा तीनतालातील एक कायदा सहा पलट्यांसह दुगुणीत वाजवता येणे. आठवड्याचे उद्दिष्ट एका दोषाच्या भाषेत असावे, आणि दोष एकच असावा, हा नियम कसोशीने पाळावा. तीन दोष एकदम धरणारा विद्यार्थी बहुधा एकही सोडवत नाही. बैठकीचे उद्दिष्ट मात्र तीन गोष्टी सांगणारे असावे : जागा कोणती, लय कोणती आणि निर्दोष कशाला म्हणायचे.

उदाहरणार्थ, ‘भीमपलासाच्या ताना सुधारणे’ हे उद्दिष्ट बैठकीच्या उपयोगाचे नाही. भीमपलासात गंधार आणि निषाद कोमल असून आरोहात ऋषभ व धैवत वर्ज्य असतात. त्यामुळे पंचमावरून निषादाकडे झेप घेताना गळा सवयीने धैवतावर पाय ठेवतो आणि अपस्वर घडतो. म्हणून उद्दिष्ट असे लिहावे : ‘मध्य पंचमावरून तार षड्जापर्यंत जाणारी तान मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, दुगुणीत, सलग पाच वेळा धैवताविना.’ हे वाक्य लिहिताच विद्यार्थ्याला काय ऐकायचे हे ठाऊक होते, आणि उद्दिष्ट गाठले की नाही याबद्दल वादाला जागा उरत नाही. पाच वेळांची अट घालण्याचे कारण असे की, एकदा बरोबर येणे हा योगायोग असू शकतो, पाच वेळा येणे ही सवय होऊ लागते. आणि तिसऱ्या वेळी चूक झाली तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी.

वहीचे पान

वही साधी दोनशे पानी असावी आणि तानपुऱ्याजवळ किंवा तबल्याजवळ, पेन्सिलीसह ठेवलेली असावी, कारण उठून शोधावी लागणारी वही चार दिवसांत बंद पडते. एका बैठकीला अर्धे पान पुरेसे आहे, आणि लिहिण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. वरच्या ओळीत तारीख, वेळ, सूर आणि राग किंवा ताल लिहावा. सूर म्हणजे ‘काळी एक’, ‘काळी चार’ अशा प्रकारे संवादिनीच्या पट्टीने सांगितलेली आधारस्वराची उंची. त्याखाली बैठकीपूर्वीच उद्दिष्टाचे वाक्य लिहावे. बैठक संपल्यावर तीनच प्रश्नांची उत्तरे लिहावीत : दोष कोठे घडला, तो कधी कळला आणि उद्या काय निराळे करायचे.

भरलेले पान साधारण असे दिसेल : ‘सोमवार, पहाटे साडेपाच, काळी एक. भीमपलास, तीनताल. उद्दिष्ट : वर जाणारी तान ६० वर, पाच वेळा. तिसऱ्या व सातव्या वेळी धैवत आला. तिसऱ्या वेळचा तान संपल्यावर कळला, सातव्या वेळचा धैवतावर असतानाच कळला. घाई होते ती पंचमावर. उद्या पंचमावर एक मात्रा थांबून पुढे जाणे.’ तबल्याच्या विद्यार्थ्याचे पान असे असू शकेल : ‘तीनताल, ‘धातिट’चा कायदा, ८० मात्रा. दुगुणीच्या चौथ्या पलट्यात ‘तिट’ पुसट. लेहऱ्यासोबत कळले नाही, मुद्रणात कळले. उद्या ६० वर, आधी पढंत, मग हात.’ पढंत म्हणजे बोल हाताने टाळी धरून तोंडाने म्हणणे. जे बोल तोंडाला स्पष्ट येत नाहीत ते हाताला येत नाहीत, हा तबल्याच्या शिक्षणातील जुना अनुभव आहे.

‘कधी कळला’ हा स्तंभ या वहीचा प्राण आहे. महिनाअखेरीस विद्यार्थ्याने केवळ हा स्तंभ वरून खाली वाचावा : ‘मुद्रणात’, ‘मुद्रणात’, ‘तान संपल्यावर’, ‘समेवर आल्यावर’, ‘घेता घेता’ असा क्रम दिसू लागला, तर दोष अजून पुरता गेलेला नसला तरी प्रगती निश्चित आहे. उलट चुकांची संख्या वाढलेली दिसली, तर लगेच निराश होऊ नये. कान तयार होऊ लागला की पूर्वी न ऐकू येणाऱ्या चुका ऐकू येतात आणि वही काही दिवस अधिकच काळी दिसते.

स्वरलिपीचा उपयोग वहीत मुक्तपणे करावा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर बिंदू, तर तालासाठी समेला गुणाकाराचे चिन्ह आणि खालीला शून्य वापरले जाते. पलुस्कर पद्धतीची चिन्हे निराळी आहेत. कोणतीही एक पद्धत पक्की करावी, म्हणजे चुकलेली जागा चार अक्षरांत टिपता येते.

आरसा, मुद्रण आणि गुरू

स्वतःचा आवाज गाणाऱ्याला हवेतून जसा ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून मुद्रित आवाज प्रथम परका आणि पातळ वाटतो, आणि अनेक विद्यार्थी त्याच कारणाने ध्वनिमुद्रण टाळतात. ही परकेपणाची भावना आठ-दहा वेळा ऐकल्यावर ओसरते. मुद्रणासाठी साधा मोबाइल पुरतो. तो चारपाच फुटांवर ठेवावा, तानपुऱ्याचे अॅप शक्यतो दुसऱ्या यंत्रावर वाजवावे आणि आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटांचेच मुद्रण करावे, कारण तासभराचे मुद्रण कोणी ऐकत नाही. ते लगेच ऐकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी ऐकावे. गायन संपताच जे गायचे होते तेच मनात घुमत असते आणि प्रत्यक्ष गायलेल्यातील उणीव ते भरून काढते. पहिल्यांदा काहीही न लिहिता सलग ऐकावे, दुसऱ्यांदा दोष टिपावेत आणि एक जमलेली जागाही अवश्य टिपावी. गुणांची नोंद नसलेली वही लवकरच शिक्षेसारखी वाटू लागते.

गुरूकडे वही घेऊन जाण्यात संकोच बाळगू नये. ‘रियाज झाला का?’ या प्रश्नाला ‘हो गुरुजी’ असे उत्तर देण्यापेक्षा ‘पंचमावरून वर जाताना धैवत येतो, थांबून पाहिले, तरी द्रुत लयीत पुन्हा येतो’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच अर्ध्या तासात कितीतरी अधिक मिळते. मात्र वहीने गुरूचे स्थान घेऊ नये. बागेश्रीची छाया भीमपलासावर पडते आहे किंवा भूप गाताना देशकार डोकावतो आहे, हे स्वरांची यादी पाहून ओळखता येत नाही, कारण भूप आणि देशकार यांचे स्वर तेच आहेत. फरक आहे तो वजनाचा, थांबण्याच्या जागांचा आणि चलनाचा, आणि तो गुरुमुखातूनच उतरतो. म्हणून वहीतील निष्कर्ष दर आठवड्याला गुरूंच्या कानावर घालून तपासून घ्यावेत. विद्यार्थ्याला जो दोष वाटला तो दोष नसून रागाचे अंगच आहे, असेही कधी निघते.

ऐकण्याची शाळा

स्वतःचे दोष ऐकणारा कान इतरांचे चांगले गाणे ऐकूनच घडतो, आणि या बाबतीत हे दोन जिल्हे समृद्ध आहेत. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे शबद-कीर्तनाची अखंड परंपरा आहे. गुरू ग्रंथसाहिबातील बहुतांश रचना रागांनुसार मांडलेल्या असून त्यात मुख्य रागांची संख्या ३१ आहे. शबदाच्या शीर्षातच रागाचे नाव दिलेले असते. शिष्टाचार पाळून शांतपणे बसणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला तेथे ऐकता येते. डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या स्मरणार्थ नांदेडात होणाऱ्या ‘संगीत शंकर दरबार’सारख्या महोत्सवांत देशभरातील कलावंत समोर बसून ऐकायला मिळतात. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाची चक्री भजनाची परंपरा आहे, ज्यात भजनाला गोलाकार पदन्यासाची जोड असते. आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहांतील मृदंग व टाळांचा मेळ लयीचे शिक्षण देतोच.

अशा प्रत्येक श्रवणानंतर वहीच्या मागील पानांवर तीन ओळी लिहाव्यात : कोणता राग किंवा ताल ओळखता आला, कलावंत सम कशी गाठत होता आणि स्वतःच्या आठवड्याच्या दोषाविषयी काय ऐकायला मिळाले. ज्याचा आठवड्याचा दोष शंकित आहे, त्याने मैफलीत कलावंत कोठे थांबतो एवढेच ऐकावे. विलंबित एकतालाची लय मिनिटाला बारा मात्रांची असेल तर एक आवर्तन पुरा एक मिनिट चालते, आणि त्या मिनिटात गायक किती वेळ गप्प असतो हे मोजले, तरी घाईवरचा उपाय निम्मा हाती येतो.

‘लातूर पॅटर्न’मधून काय घ्यावे

लातूरचे नाव राज्यभर ज्या अभ्यासपद्धतीमुळे झाले तिचा विचार येथे अप्रस्तुत नाही, कारण संगीत शिकणारे अनेक विद्यार्थी दिवसा त्याच पद्धतीत वाढत असतात, आणि नांदेडही आता शिकवणी वर्गांचे मोठे केंद्र झाले आहे. वारंवार चाचण्या, प्रत्येक चाचणीनंतर चुकलेल्या प्रश्नांची छाननी आणि वेळापत्रकाची शिस्त ही या पद्धतीची बलस्थाने आहेत. त्यांतील छाननी संगीताच्या विद्यार्थ्याने जशीच्या तशी उचलावी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरच्या चारपाच माणसांसमोर, न थांबता, पंधरा मिनिटे सादरीकरण करावे आणि ते मुद्रित करून महिन्यापूर्वीच्या मुद्रणाशेजारी ठेवून ऐकावे. भीत हा दोष एकट्याच्या रियाजात कधीच दिसत नाही. तो चार माणसे समोर बसली की दिसतो, आणि विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या मंचावर तो पहिल्यांदा दिसण्यापेक्षा घरच्या ओसरीवर दिसलेला बरा.

गुणांची क्रमवारी मात्र येथे आणू नये. बहुपर्यायी प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असते, तसे मुखड्याला नसते. शिवाय दुसऱ्या विद्यार्थ्याची तान कोणत्या लयीत पोहोचली याची नोंद स्वतःच्या वहीत करण्याचे कारण नाही. ‘नीट’ परीक्षेच्या किंवा बारावीच्या वर्षी वेळ आक्रसतो, तेव्हा उद्दिष्टे लहान करावीत, पण वही बंद करू नये. भाड्याच्या खोलीत शेजाऱ्यांमुळे मोकळा आवाज लावता येत नसेल, तर पहाटे हलक्या आवाजात खर्ज, म्हणजे मंद्र सप्तकातील संथ स्वराभ्यास, वीस मिनिटे करावा. तबल्याच्या विद्यार्थ्याने पढंत करावी किंवा पुडीवर कापड टाकून बोटांचा सराव करावा. आणि मेसकडे चालत जाताना बंदिश मनातल्या मनात, टाळीसह, समेपासून समेपर्यंत म्हणावी. मनात म्हणताना जी ओळ आठवेनाशी होते, तीच मंचावर अडखळते.

वही काही सांगेनाशी होते तेव्हा

कधीकधी आठवड्यामागून आठवडे तेच वाक्य पानावर येत राहते. अशा वेळी तीन शक्यता क्रमाने तपासाव्यात. पहिली, लय अधिक आहे. ती निर्दोषपणा येईपर्यंत खाली आणावी आणि मग एका वेळी चारपाच मात्रांनीच वाढवावी. दुसरी, दोषाचे निदान चुकले आहे. तान बेसूर होते म्हणून सुरावर मेहनत चालते, पण मूळ कारण अपुरा श्वास किंवा आवळलेला जबडा असते, म्हणजे विकल समजला गेलेला दोष मुळात संदष्ट निघतो. तिसरी, शरीर बदलले आहे. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो तेव्हा तार सप्तक अचानक हातचे जाते, आणि तो काळ मेहनतीने ओलांडण्याचा नसून सांभाळून काढण्याचा असतो. गुरूंच्या सल्ल्याने सूर खाली घ्यावा, जोर टाळावा आणि त्या महिन्यांची उद्दिष्टे ताल, स्वरलिपी व श्रवण यांकडे वळवावीत.

ऋतू आणि उत्सव यांचीही नोंद असावी. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो तेव्हा घसा कोरडा पडतो आणि रियाज पहाटेच उरकावा लागतो. पावसाळ्यात दमट हवेने तबल्याची पुडी सैल होऊन सूर उतरतो, म्हणून बैठकीपूर्वी हातोडीने तो मिळवण्यास वेळ धरावा. कार्तिकातील काकडा किंवा गावचा सप्ताह यांत ओळीने अनेक दिवस चढ्या पट्टीत साथ केल्यानंतर आवाज बसलेला असताना द्रुत तानांचे उद्दिष्ट ठेवणे चुकीचे ठरते. परंतु तो आठवडा रिकामा गेला असेही समजू नये. शेकडो माणसांच्या टाळांत लय न सोडता उभे राहणे हे विताल दोषावरचे उत्तम औषध आहे, आणि त्याला वहीत जागा मिळावी.

वर्षाच्या शेवटी वही पहिल्या पानापासून वाचावी. तेथे ‘गुरुजी म्हणाले’ अशी सुरुवात असलेली वाक्ये अधिक असतील, मधल्या पानांवर ‘मुद्रणात ऐकले’ हे शब्द वारंवार येतील, आणि शेवटच्या पानांवर ‘येणार असे वाटले म्हणून थांबलो’ असे एखादे वाक्य सापडेल. ते एक वाक्य सापडले, तर वर्षाचे काम झाले असे समजावे; कारण ज्या क्षणी धैवत येण्याआधीच गळा पंचमावर थबकला, त्या क्षणी गुरूचा कान काही अंशी विद्यार्थ्याच्या ठायी उतरलेला असतो. त्या दोषापुरती वही मिटावी आणि नव्या पानावर शार्ङ्गदेवाच्या यादीतील पुढचे नाव लिहावे.